खुल्या पाण्यातले डॉल्फिन: वागणूक आणि समाजजीवनाच्या अभ्यासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची बहुतेक उत्तरं बाटलीसारख्या चोचीचा बॉटलनोज डॉल्फिन डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत, कारण पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी मुख्यतः त्याच्याच आहेत. बाकी जातींसाठी वेगळा प्रश्न पुढे आहे.

सुरुवात कुठून करायची?

ओळखीपासून. समोरचा डॉल्फिन कोण हे ठाऊक नसेल तर त्याच्या वागण्याच्या नोंदीला फारशी किंमत उरत नाही. ‘चार डॉल्फिन दिसले, दोघे अंगाला अंग घासत होते’ ही नोंद महिन्याभरात निरुपयोगी होते. तीच ‘१७ आणि २३ हे दोन नर अंगाला अंग घासत होते, शेजारी ९ आणि तिचं पिल्लू’ अशी असेल तर वीस वर्षांनीही कामाला येते. फ्लोरिडातल्या सारासोटा उपसागरात १९७० पासून आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे इथे १९८० च्या दशकापासून अभ्यास चालू आहेत. त्यांचं सगळं बळ यातच आहे: आजी, आई, लेक, नात ही ओळ तिथे माणसांनी स्वतः पाहून लिहून ठेवली आहे.

पहिलं वर्ष नुसती ओळखयादी करण्यात गेलं तरी ते वाया गेलं असं समजू नये.

एक डॉल्फिन दुसऱ्यापासून वेगळा ओळखतात कसा?

पाठीवरच्या परावरून. या पराची मागची कड पातळ असते. आपसातल्या मारामारीत दात लागून, दोरीने किंवा बोटीच्या पंख्याने कापून, कधी शार्कच्या चाव्याने तिचे लचके जातात आणि तिथे कायमच्या खाचा राहतात. खाचा किती, कुठे, किती खोल आणि त्यांच्यामधलं अंतर किती, यावरून डॉल्फिन ठरतो. बर्न्ड आणि मेलनी व्युर्सिग यांनी १९७० च्या दशकात अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर याच पद्धतीने डॉल्फिन ओळखले आणि १९७७ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. त्याच सुमारास कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर मायकल बिग ऑर्कांचे (डॉल्फिन कुळातली सगळ्यात मोठी जात) फोटो जुळवत होते. आज कॅमेरे बदलले, पद्धत तीच आहे.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. खाच दोन्ही बाजूंनी दिसते, फक्त आरशासारखी उलटी. ओरखडा किंवा डाग एकाच बाजूला असतो, त्यामुळे डाव्या बाजूचा ओरखडा उजव्या बाजूच्या फोटोत शोधत बसू नये. आणि दातांचे समांतर ओरखडे काही महिन्यांत पुसट होतात, म्हणून ते दुय्यम पुरावा. ओळख खाचांवरच ठरवायची.

फोटो कसे काढायचे?

१००-४०० किंवा ७०-२०० मिमीची झूम लेन्स पुरते. शटर १/१००० सेकंदापेक्षा मंद नको, १/१६०० असेल तर उत्तम. डॉल्फिनही हलतो, बोटही हलते आणि हातही. सूर्य पाठीशी ठेवावा. आकाश ढगाळ असेल तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) वाढवावा पण शटर मंद करू नये, कारण दाणेदार फोटोतली खाच ओळखता येते, हललेल्या फोटोतली नाही.

पर कॅमेऱ्याला काटकोनात असावा. तिरका पर अरुंद दिसतो आणि खोल खाच उथळ वाटते. श्वासाचा फवारा दिसला की तिथे कॅमेरा वळवायचा आणि पर पूर्ण वर येण्याआधीच शटर दाबून धरायचं. पर पाहून मग बटण दाबलं तर बहुतेक वेळा पाण्यात गेलेल्या शेपटीचाच फोटो मिळतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे देखण्या खाचांच्याच मागे लागणं. कळपात एक फाटक्या पराचा नर असला की त्याचे साठ फोटो येतात आणि गुळगुळीत पराच्या तिघींचा एकही नाही. मग त्या दिवशी त्या तिघी तिथे नव्हत्याच असं कागदावर दिसतं. खूण असो नसो, प्रत्येकाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढायचे.

निघण्याआधी कॅमेऱ्याचं घड्याळ जीपीएसच्या वेळेशी सेकंदापर्यंत जुळवावं. एक कळप संपून दुसरा सुरू होताना आकाशाचा किंवा बोटीतल्या वहीचा एक फोटो घ्यावा. हा कोरा फोटो म्हणजे दोन कळपांमधला बांध. तो नसेल तर संध्याकाळी दोन कळप एकमेकांत मिसळतात आणि कधीही न भेटलेले डॉल्फिन नोंदवहीत सोबती ठरतात.

फोटो जुळवताना काय चुकतं?

दोन प्रकारे चुकतं. दोन वेगळे डॉल्फिन एक ठरवले जातात, किंवा एकच डॉल्फिन दोन नावांनी यादीत जातो. दुसरी चूक जास्त घडते, कारण पराला नवी खाच पडली की जुना डॉल्फिन अनोळखी दिसू लागतो. नवी खाच जुनीवरच पडली तर जुनी नाहीशीही होते. म्हणून प्रत्येक डॉल्फिनचे दरवर्षीचे फोटो क्रमाने ठेवावेत आणि ताजा फोटो सगळ्यात अलीकडच्या फोटोशी आधी ताडून पाहावा.

फोटोचा दर्जा आधी ठरवायचा, ओळख नंतर पटवायची. नेमकेपणा, कोन, प्रकाश आणि पर किती दिसतो यावर गुण द्यायचे, आणि हे करताना डॉल्फिन ओळखीचा आहे की नाही हे मनात आणायचं नाही. क्रम उलटा झाला की ठळक खाचांचे वाईट फोटो आत येतात आणि साध्या परांचे तसेच फोटो बाहेर जातात. संगणकाचे कार्यक्रम संभाव्य जुळण्यांची यादी देतात, वेळ खूप वाचतो. शेवटचा निर्णय मात्र दोन माणसांनी एकमेकांना न विचारता द्यावा. दोघांचं जुळलं नाही तर तो फोटो ‘अनिश्चित’ या खणात टाकावा.

ज्यांच्या परावर खूणच नाही त्यांचं काय?

त्यांना एकेकटं ओळखता येत नाही, पण संख्येत धरता येतं. समजा चांगल्या दर्जाचे १२० पर टिपले आणि त्यातले ८४ खुणेचे निघाले. म्हणजे खुणेचं प्रमाण ०.७. खुणेचे डॉल्फिन पुन्हा पुन्हा किती दिसतात यावरून त्यांची संख्या ५६ निघाली, तर एकूण अंदाज ५६ भागिले ०.७, म्हणजे ८०. यात एक गृहीत लपलेलं आहे: खुणेचा आणि बिनखुणेचा पर टिपला जाण्याची शक्यता सारखीच असावी. वर फोटोबद्दल जे सांगितलं ते इथे भोवतं.

पिल्लं यातच मोडतात. त्यांचे पर कोरे असतात, म्हणून ती आईवरून ओळखायची. आई चुकली की पिल्लू चुकलं.

नर-मादी कसं कळतं?

परावरून नाही, निदान बॉटलनोजमध्ये तरी भरवशाने नाही. पोटाची बाजू दिसली तर कळतं: नराला एक लांब फट आणि तिच्यामागे थोडं अंतर सोडून छोटी फट, साधारण उद्गारचिन्हासारखी, मादीची फट सलग आणि तिच्या दोन्ही बाजूंना स्तनांच्या बारीक चिरा. बोटीपुढच्या लाटेवर डॉल्फिन उताणे होतात तेव्हा किंवा ड्रोनमधून हे टिपता येतं. एकच पिल्लू महिनोन्‌महिने एकाच मोठ्या डॉल्फिनला चिकटून दिसलं तर ती मादी समजायला हरकत नाही. मात्र एकदा दिसलं म्हणून तसं लिहू नये. दुसऱ्यांची पिल्लं काही वेळ सांभाळणारे डॉल्फिनही असतात.

पिल्लाचं वय सांगता येतं का?

पहिल्या काही महिन्यांचं, बऱ्यापैकी. नवजात पिल्लाच्या अंगावर उभे फिकट पट्टे असतात. आईच्या पोटात घडी होऊन राहिल्याच्या त्या खुणा. ते पिल्लू श्वास घ्यायला बुचासारखं डोकं आधी वर काढतं. सुरुवातीला ते आईच्या खांद्याशी बिलगून पोहतं, नंतर तिच्या पोटाखाली जास्त दिसू लागतं. दूध पिणं तीन-चार वर्षं, कधी त्याहून जास्त चालतं.

मोठ्यांचं वय बाहेरून जवळजवळ कळत नाही. दाताच्या छेदातले वार्षिक थर मोजता येतात, पण त्यासाठी दात हाती हवा. शार्क बेमधल्या जातीच्या पोटावर वयाप्रमाणे ठिपके वाढत जातात, ही तिथल्या अभ्यासकांची चैन. सारासोटात साठी ओलांडलेल्या माद्या माहीत आहेत, कारण त्यांच्या नोंदी तेवढ्या जुन्या आहेत.

बोट किती जवळ न्यायची?

आधी परवाना. अमेरिकेत १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याखाली अभ्यासासाठीही परवाना लागतो. इतर देशांचे आपापले नियम आहेत आणि अंतराचे आकडेही वेगवेगळे आहेत.

शोधताना वेग ८ ते १० नॉट (ताशी सागरी मैल). कळप दिसला की दोन-तीनशे मीटरवरच वेग उतरवायचा आणि डॉल्फिनच्या चालीला आणायचा, साधारण ३ ते ५ नॉट. मागून पाठलाग नाही, समोरून वाट अडवणं नाही, कळपाच्या मधून तर मुळीच नाही. बाजूने समांतर चालायचं आणि हळूहळू अंतर कमी करायचं. गिअर सारखा आत-बाहेर करणं हे संथ आवाजापेक्षा जास्त त्रासाचं. इंजिनाचा एकसारखा आवाज त्यांना सोसतो, दचके सोसत नाहीत.

थांबायचं केव्हा हे डॉल्फिनच सांगतात. बुड्या एकदम लांबल्या, विखुरलेला कळप एकवटला, दर वेळी बोटीपासून दूर तोंड करून वर येऊ लागले, आई पिल्लाला पलीकडच्या बाजूला घेऊ लागली, शेपट्या पाण्यावर आपटल्या: यातली दोन लक्षणं दिसली तर फोटो अर्धवट राहिले तरी बोट काढून घ्यावी. यात दयेइतकाच स्वार्थही आहे. पळणाऱ्या डॉल्फिनची वागणूक लिहिली तर ती बोटीबद्दलची नोंद होते.

वारा ब्यूफोर्ट मापश्रेणीत ३ च्या वर गेला, म्हणजे जागोजागी पांढरा फेस दिसू लागला, की काम थांबवावं. फेसात पर हरवतात आणि कळप आहे त्यापेक्षा लहान मोजला जातो.

‘एक कळप’ कशाला म्हणायचं?

व्याख्या आधी ठरवून लिहून ठेवायची, मग पाण्यात उतरायचं. शार्क बेमधला १० मीटरच्या साखळीचा नियम सोपा आहे: एखादा डॉल्फिन कळपातल्या कुठल्याही एकापासून १० मीटरच्या आत असेल तर तो त्या कळपातला. अ पासून ब ८ मीटरवर, ब पासून क ९ मीटरवर, तर तिघे एकत्र, अ आणि क मध्ये १७ मीटर असले तरी. काही जण १०० मीटरच्या परिघातले सगळे एकत्र धरतात. दोन्ही चालतं. चालत नाही ते अर्ध्या हंगामात नियम बदलणं, आणि एका पद्धतीचे आकडे दुसरीच्या आकड्यांशेजारी ठेवून निष्कर्ष काढणं.

डॉल्फिनांचा समाज सतत फुटत आणि जुळत राहतो. तासाभरात तिघांचे सात होतात, सातांचे दोन आणि पाच. म्हणून ‘हा अमुक कळपातला’ असं म्हणण्यात अर्थ नसतो. प्रश्न असा विचारावा: हा कोणाबरोबर किती वेळा दिसतो?

वागणूक नोंदवायची नेमकी पद्धत काय?

तीन पद्धती आहेत. १९७४ मध्ये जीन ऑल्टमन यांनी त्यांचे गुणदोष मांडले ते बबून माकडांचा अभ्यास करताना, पण डॉल्फिनांनाही ते तंतोतंत लागू पडतात.

पहिली, जमेल तसं लिहिणं. दुर्मीळ प्रसंगांसाठी ठीक, पण यावरून टक्केवारी काढू नये. उड्या डोळ्यांत भरतात, विश्रांती भरत नाही. वहीत डॉल्फिन दिवसभर उड्या मारतात.

दुसरी, ठरावीक मिनिटांनी आढावा. दर ५ मिनिटांनी कळपातले बहुसंख्य त्या क्षणी काय करतायत ते एका शब्दात: प्रवास, खाणं, विश्रांती, मेळमिसळ, किंवा एकाच जागी दिशाहीन घोळणं. घड्याळाचा गजर लावावा. ‘आता काहीतरी घडतंय, आत्ताच लिहू’ असं केलं की पद्धत मोडली.

तिसरी, एकाच डॉल्फिनचा पाठपुरावा. निवड आधीच्या यादीवरून करायची, जो समोर नाचतो त्याची नाही. तो वर येईल तेव्हा दर मिनिटाला त्याची वागणूक, शेजारी कोण आणि किती अंतरावर हे लिहायचं. सगळ्यात कष्टाची पद्धत, आणि नात्यांबद्दल खात्रीने काही कळतं ते बरंचसं हिच्यातून. एक माणूस सतत डोळे लावून, दुसरा लिहायला, तिसरा सुकाणूवर. दोघांत हे नीट होत नाही. डॉल्फिन हरवला तर हरवल्याची वेळ लिहावी. ती रिकामी मिनिटं ‘विश्रांती’त ढकलली जातात, आणि नंतर ती कुठून आली हे कोणालाच सांगता येत नाही.

वागणुकीच्या शब्दांची यादी बोटीवरच्या प्रत्येकाला पाठ हवी. हंगामाच्या आरंभी एकच चित्रफीत दोघांना वेगवेगळी नोंदवायला द्यावी. दहातल्या तीन-चार नोंदी वेगळ्या आल्या तर व्याख्या पुरेशी स्पष्ट नाही.

ते खेळतायत की भांडतायत?

पृष्ठभागावरून पुष्कळदा सांगता येत नाही, आणि तसं लिहिणं हेच खरं. पाठलाग, उलटंपालटं होणं, शेपटीचे फटके हे तिन्ही खेळात असतात, समागमात असतात आणि मारामारीतही. पाहिलेली कृती एका खणात लिहावी, तिचा अर्थ दुसऱ्या. ‘१७ ने २३ ला शेपटी मारली, २३ लांब गेला’ हे टिकतं; ‘१७ चिडला’ हे टिकत नाही.

काही खुणा मात्र बोलक्या आहेत. बाजूच्या परांनी एकमेकांना चोळणं, दोघांनी एकाच क्षणी श्वासाला वर येणं ही जवळीक. डोक्याला झटके, जबडा आपटल्याचा आवाज, ताजे समांतर ओरखडे हे भांडण. डॉल्फिनच्या तोंडाची वळणाची रेषा हे हसू नव्हे. हाडांची ठेवणच तशी, मेलेल्या डॉल्फिनच्या तोंडावरही ती असते. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर १९९० च्या दशकात बरगड्या मोडलेले पॉरपॉइस (डॉल्फिनचे लहान नातेवाईक) वाहून येत होते, आणि त्यांच्या अंगावरच्या दातखुणांचं अंतर बॉटलनोज डॉल्फिनच्या दातांशी जुळलं.

कोणाचं कोणाशी सख्य आहे, हे आकड्यात कसं मांडतात?

समजा अ आणि ब १२ वेळा एकत्र दिसले, अ ८ वेळा ब शिवाय, ब ४ वेळा अ शिवाय. साधं गुणोत्तर: १२ भागिले २४, म्हणजे ०.५. डॉल्फिनांमध्ये मात्र ‘अर्धभार निर्देशांक’ जास्त वापरतात, त्यात एकेकटं दिसण्याच्या नोंदी निम्म्या धरतात: १२ भागिले (१२ + ६), म्हणजे ०.६७. कारण असं, की दोघे वेगळे असताना दोघांपैकी एकच नजरेस पडण्याची शक्यता जास्त, त्यामुळे ‘वेगळे’च्या नोंदी फुगलेल्या असतात. शून्य म्हणजे कधीच एकत्र नाहीत, एक म्हणजे कायम एकत्र. लहान पिल्लू आणि आई एकच्या जवळ, पक्के सोबती नर ०.८ च्या वर, बाकीच्या बहुतेक जोड्या बऱ्याच खाली.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. एकाच दिवशी तोच कळप चारदा भेटला तर त्या चार नोंदी स्वतंत्र नाहीत. जोडीमागे दिवसाला एकच धरावी. तीनदा दिसलेल्या डॉल्फिनचा निर्देशांक काढू नये; किमान किती दर्शनं हवीत ते आधी ठरवावं, पाच किंवा दहा. आणि निर्देशांक मोठा आला म्हणजे मैत्रीच असं नाही: दोघांना तीच खाडी आवडत असेल, तेवढंच. म्हणून संगणकावर डॉल्फिनांची अदलाबदल हजारो वेळा करून पाहतात, प्रत्येक कळपाची संख्या आणि प्रत्येकाच्या दर्शनांची संख्या तशीच ठेवून. खरा आकडा या योगायोगाच्या आकड्यांपेक्षा स्पष्ट मोठा आला तरच त्याला सख्य म्हणायचं.

जाता जाता: न्यूझीलंडच्या डाउटफुल साउंड या अरुंद, खोल खाडीतल्या ६२ डॉल्फिनांच्या १५९ जोडसंबंधांचं जाळं इतकं प्रसिद्ध झालं, की डॉल्फिन कधी न पाहिलेले गणिताचे विद्यार्थीही त्यावर आपली सूत्रं तपासतात.

नरांच्या युतीबद्दल इतकं का बोललं जातं?

कारण माणूस सोडला तर असं इतकं गुंतागुंतीचं फार थोड्या प्राण्यांत दिसतं. शार्क बेमध्ये दोन किंवा तीन नर मिळून माजावर आलेल्या एका मादीला घेरतात आणि काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत सोबत ठेवतात. हा पहिला थर. असे नर ४ ते १४ जणांच्या मोठ्या युतीत असतात, आणि ती युती दुसऱ्या युतीकडून मादी पळवायला किंवा आपली राखायला एकत्र येते. हा दुसरा थर. १९९२ मध्ये रिचर्ड कॉनर आणि सहकाऱ्यांनी हे दोन थर मांडले. पुढे या युत्यांमध्येही आपसात मदतीचे संबंध आढळले, म्हणजे तिसरा थर. दुसऱ्या थरातली सोबत दशकांनी मोजावी लागते.

सारासोटात मात्र नर बहुतेक जोडीने राहतात, आणि अशा थरांचा पसारा तिथे दिसत नाही. एका ठिकाणचं वाचून ‘डॉल्फिन असे असतात’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

बोटीवरून हे ओळखायचं तर दोन-तीन मोठ्या नरांचं एकाच वेळी वर येणं पाहावं, आणि ते मादीच्या मागे तिरकस रांगेत आहेत का ते पाहावं. पाण्याखाली हायड्रोफोन (पाण्यातला मायक्रोफोन) असेल तर नरांचे ठोक्यासारखे ‘पॉप’ आवाज लागोपाठ ऐकू येतात. ते ऐकून मादी जवळ येते.

डॉल्फिनांच्या बाबतीत ‘संस्कृती’ हा शब्द जरा जास्तच नाही का?

संस्कृती म्हणजे एकमेकांकडून शिकून टिकलेली रीत, एवढ्या अर्थाने नाही. शार्क बेमधले काही डॉल्फिन चोचीवर समुद्री स्पंज घालून तळ उकरतात. तिथल्या ज्या माशांना हवेची पिशवी नसते ते, डॉल्फिन आवाज सोडून परत येणाऱ्या ज्या प्रतिध्वनीवरून शिकार शोधतात, त्या प्रतिध्वनीने नीट सापडत नाहीत; तळ ढवळला की ते उठतात, आणि स्पंजामुळे चोच सोलवटत नाही. ही युक्ती आईकडून, मुख्यतः लेकींकडे जाते. रिकाम्या मोठ्या शंखात शिरलेला मासा शंखासकट वर आणून चोचीत हलवून घेणं हेही तिथलंच, पण २०२० मधल्या अभ्यासात ते आईऐवजी सोबत्यांकडून उचललं जातं असं दिसलं. दोन्हींतला फरक कळला तो केवळ कोण कोणाबरोबर असतो याच्या अनेक वर्षांच्या नोंदी हाताशी होत्या म्हणून.

ब्राझीलमधल्या लागुना इथे डॉल्फिन बोई माशांचे थवे किनाऱ्याकडे हाकतात आणि त्यांच्या हालचालीवरून कोळी जाळं फेकतात. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या पोर्ट नदीतल्या बिली नावाच्या डॉल्फिनने काही आठवडे बंदिस्त तलावात काढले, आणि सुटल्यावर ती शेपटीवर उभं राहून चालू लागली. ते इतरांनीही उचललं, मग फॅशन ओसरावी तसं ते ओसरलं. पोटाशी संबंध नसलेल्या रीती अशाच अल्पायुषी असतात की काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

त्यांना एकमेकांची नावं असतात म्हणतात, ते खरं का?

नावाच्या खूप जवळचं काहीतरी असतं. प्रत्येक बॉटलनोजची स्वतःची ओळख-शीळ असते, हे कॉल्डवेल दांपत्याने १९६५ मध्ये मांडलं. पिल्लू ती पहिल्या काही महिन्यांत घडवतं. २०१३ मध्ये स्टेफनी किंग आणि व्हिन्सेंट जॅनिक यांनी मुक्त डॉल्फिनांना त्यांच्याच शिळेची नक्कल ऐकवली तेव्हा त्यांनी उत्तर दिलं, परक्या शिळेला तसं दिलं नाही. मात्र यावरून ‘भाषा’ सिद्ध होत नाही. दोन डॉल्फिन तिसऱ्याबद्दल बोलतात असा पुरावा नाही.

नोंदीत ओळख-शीळ शोधायची खूण म्हणजे तोच आकार १ ते १० सेकंदांच्या अंतराने पुन्हा पुन्हा येणं.

आवाज टिपायला काय लागतं?

हायड्रोफोन, ध्वनिमुद्रक आणि बंद इंजिन. शिळा बहुतेक २ ते २० किलोहर्ट्झमध्ये असतात, त्यांना सेकंदाला ९६,००० नमुने पुरतात. प्रतिध्वनीचे टकटक आवाज १२० किलोहर्ट्झच्याही वर जातात, आणि नमुने वारंवारितेच्या दुपटीहून जास्त हवेत, म्हणून तिथे ३,८४,००० किंवा ५,००,०००. जागेचा हिशेब आधीच करावा: १६ बिटच्या एका वाहिनीला पहिल्या दराने तासाला सुमारे ७०० एमबी लागतात, ५,००,००० ला ३.६ जीबी.

खरी अडचण वेगळीच. डॉल्फिन आवाज काढताना तोंड उघडत नाही, त्यामुळे पाचांमधला कोण बोलला ते बघून कळत नाही. तीन-चार हायड्रोफोन अंतराअंतराने लावून आवाज कुठे आधी पोचला यावरून दिशा काढावी लागते. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. हायड्रोफोन दीड मीटरवर असतील तर जास्तीत जास्त फरक एक हजारांश सेकंदाचा. म्हणून सगळ्या वाहिन्या एकाच मुद्रकात जायला हव्यात. दोन वेगळे मुद्रक ‘नंतर जुळवू’ म्हणून आणले की ते जुळत नाहीत.

हायड्रोफोन बोटीच्या कठड्याला थेट बांधू नये. केबल कठड्याला घासते आणि लाटांचे धक्के आवाजात उतरतात. मध्ये रबरी दोरीचा तुकडा आणि खाली वजन.

ड्रोनने हे सगळं सोपं होत नाही का?

अर्धं होतं. वरून पाण्याखालचे दोन-तीन मीटर दिसतात, कोण कोणाला स्पर्श करतं ते कळतं, कळप अचूक मोजता येतो, अंगाची लांबीही काढता येते. पण वरून पराच्या खाचा दिसत नाहीत, म्हणून बोटीवरचा कॅमेरा लागतोच. ३० मीटरच्या वरून सुरुवात करावी, बाजूने शिरावं, सावली कळपावर पडू देऊ नये. लांबी मोजायची तर उंची अचूक हवी; ड्रोनच्या दाबमापकावर विसंबलं तर मोजमाप हुकतं, म्हणून लेझर उंचीमापक लावतात. गढूळ पाण्यात आणि दुपारच्या चकाकीत बॅटरी फुकट जाते.

बोट नसेल तर?

उंच कड्यावरून थिओडोलाइटने (कोन मोजायच्या दुर्बिणीने) काम होतं, आणि डॉल्फिनांना त्रास शून्य. खालचा कोन आणि कड्याची उंची यावरून अंतर काढतात. भरती-ओहोटी विसरू नये: कडा ४० मीटरचा आणि पाणी २ मीटरने उतरलं, तर अंतरात ५ टक्के चूक, म्हणजे २ किलोमीटरवर १०० मीटर. इथून ओळख पटत नाही, पण येण्याजाण्याच्या वेळा, वेग आणि बोटींमुळे होणारे बदल उत्तम कळतात.

त्वचेचा नमुना घेणं क्रूर नाही का?

परवान्याखाली, प्रशिक्षित हातांनी, पाठीच्या पराखालच्या भागात पोकळ टोकाचा बाण मारून काही मिलिमीटरचा त्वचा-चरबीचा तुकडा घेतात. डॉल्फिन दचकतो, जखम काही आठवड्यांत भरते. त्यातून लिंग, बाप कोण, आहार आणि प्रदूषकं कळतात. बाप कोण हे नुसतं पाहून कळत नाही. लहान पिल्लांवर हे करत नाहीत. फोटोने उत्तर मिळणार असेल तर बाण काढूच नये.

पाण्यात उतरून किंवा मासे देऊन मैत्री करून अभ्यास करता येईल का?

मासे देऊ नयेत. शार्क बेमधल्या मंकी मिया किनाऱ्यावर लोक ज्या माद्यांना खाऊ घालत, त्यांची पिल्लं जास्त मरत होती, कारण आई उथळ पाण्यात माणसांपाशी ताटकळत असे आणि पिल्लू लांब एकटं. पुढे तिथे खाऊ घालण्यावर कडक मर्यादा आल्या. पाण्यात उतरून पाहणं बहामाजच्या नितळ पाण्यात ठिपकेवाल्या डॉल्फिनांबाबत १९८५ पासून चाललं आहे, पण तिथे पाणी काचेसारखं आहे आणि ते डॉल्फिन स्वतःहून जवळ येतात. दोन्ही अटी इतरत्र क्वचितच जुळतात.

सगळ्या जाती अशाच असतात का?

नाही. ईशान्य पॅसिफिकमधल्या मासे खाणाऱ्या ऑर्कांमध्ये मुलगे आणि मुली दोघेही जन्मभर आईबरोबर राहतात. फुटणं-जुळणं तिथे नावाला. हवाईतले स्पिनर डॉल्फिन रात्री खोल पाण्यात शिकार करतात आणि दिवसा उथळ खाड्यांत झोप काढतात, म्हणून फक्त दिवसा पाहणाऱ्याला ही जात आळशी वाटेल. गंगेतल्या डॉल्फिनच्या पाठीवर पराऐवजी बुटका उंचवटा, पाणी गढूळ आणि दर्शन क्षणभराचं. तिथे फोटोवरून ओळख जवळजवळ होत नाही, आवाजावरच भिस्त.

किती वर्षं लागतात?

संख्येच्या अंदाजाला दोन-तीन हंगाम. एक आलेख काढत राहावा: आडव्या रेषेवर फेऱ्या, उभ्या रेषेवर आजवर ओळखलेले डॉल्फिन. आलेख चढतच असेल तर यादी अपुरी आहे, सपाट झाला तर बहुतेक रहिवासी हाती आले. सख्याच्या जाळ्याला पाच वर्षं तरी. माद्या तीन ते सहा वर्षांनी वितात, त्यामुळे मातृत्वाबद्दल काही म्हणायचं तर दहा वर्षांच्या आत तोंड उघडू नये.

किनाऱ्यावर डॉल्फिन सापडला तर?

जिवंत असेल तर पाण्यात ढकलू नये. आजारी असेल तर तो परत येतो आणि आणखी थकतो. आधी स्थानिक वन्यजीव यंत्रणेला कळवावं. तोवर त्याला पोटावर सरळ ठेवावं, बाजूच्या परांखाली वाळूत खळगे करावेत, अंगावर ओलं कापड आणि वर सावली. डोक्यावरच्या श्वासछिद्रात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नये. शेपटी धरून ओढू नये. गर्दी, कुत्री आणि आवाज लांब ठेवावेत.

मेलेला असेल तर हात न लावता पराचे दोन्ही बाजूंनी काटकोनात फोटो, शेजारी मोजपट्टी, तारीख आणि जागा. कातडी लवकर सोलवटते, पण खाचा बरेच दिवस टिकतात. असा एक फोटो ओळखयादीत जुळला, की ‘दिसेनासा झाला’ या रकान्यातलं एक नाव ‘मृत’ या रकान्यात जातं. तो स्थलांतरित झाला की मेला, हा प्रश्न त्याच्यापुरता तिथे सुटतो.